झुमक्याचं गाणं

हेमराजला गाण्याचा भारी शौक आहे, असं सुरतेच्या पांडेसऱ्यातली ती सगळी सोसायटी म्हणायची. सोसायटीचं तरी काय चुकलं? दोन घरांच्या मधे एकच भिंत, तीही चार इंची, आणि भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते गाणंच. त्या घरात आणखी जे काही वाजायचं ते गाण्याखाली दडपून जायचं. त्यासाठीच तर गाणं लावलेलं असायचं.

गाणं अहिराणी होतं. नवरा रुसलेल्या बायकोला म्हणतो, ‘जत्रामा तुले झुमका लई दिसू,’ जत्रेत तुला झुमका घेऊन देईन. ढोल असा, की म्हाताऱ्याचेही खांदे हलावेत. ते गाणं हेमराजच्या बायकोइतकं, उज्ज्वलाइतकं कुणालाच पाठ नव्हतं. सुरुवातीच्या ढोलाला हेमराज दाराची कडी लावायचा. ‘झुमका’ आला की पहिली थप्पड. पहिल्या कडव्यात नुसते हात. मधे बासरी वाजायची, तेवढ्यात तो दम खायचा आणि कमरेचा पट्टा काढायचा. दुसऱ्या कडव्यात पट्टा, आणि राग जास्त असला तर पट्ट्याचं बक्कल. दुसरं कडवं सरलं की तो गाणं बंद करायचा आणि प्यायला पाणी मागायचा. ते पाणी तिनेच द्यायचं, उठता येवो न येवो.

याहून वाईट म्हणजे गाणं तिच्याच आवडीचं होतं. लग्नाआधी शिरपूरला मावसबहिणीच्या हळदीत ती याच गाण्यावर पाय मोडेस्तोवर नाचली होती. नव्या नवलाईत नवऱ्याने विचारलं, तुला कोणतं गाणं आवडतं? हिने लाजत लाजत सांगून टाकलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय. पहिल्यांदा मारलं तेव्हा स्पीकरचं बटण दाबताना तो म्हणाला होता, "थांब, तुझ्या आवडीचं लावतो." त्या दिवसापासून कुठेही तो ढोल वाजला की तिचा डावा हात आपोआप डोक्यावर जायचा. लग्नाच्या मांडवातून ती काही ना काही निमित्त काढून उठायची. लोक म्हणायचे, उज्ज्वलाला नाचायची लाज वाटते.

भिंतीपलीकडे शोभाबाई राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा कतारगामला हिरे घासायला जायचा, आणि त्या घरात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. हेमराजकडे गाणं लागलं की त्यांचाही हात झरझर चालायचा. दुसऱ्या दिवशी नळावर भेटल्या की म्हणायच्या, "काल लायेल व्हतं ना तुम्ही गानं! तुम्हना जोडाले कोनी नजर नको लागो, माय." उज्ज्वला हसून हंडा उचलायची. सांगून काय होणार होतं? एकदा आईला सांगून पाहिलं होतं. आई म्हणाली, भांड्याला भांडं लागायचंच. भांडं फुटतं त्याचं काय, ते आईने सांगितलं नाही.

तर हे असंच चाललं असतं. माणूस स्वतःच्या हाडांना किती दिवस गृहीत धरू शकतो, ते बघणाऱ्याला खरं वाटत नाही. पण श्रावणात हेमराजने गाणं लावलं आणि उज्ज्वलाकडे नाही, मुलीकडे, गौरीकडे बघितलं.

गौरी बारावीला होती. पर्वत पाटिया भागात क्लासबाहेर एका मुलाशी बोलताना हेमराजच्या मिलमधल्या नितीनने तिला पाहिलं, आणि तिखटमीठ लावून हेमराजला सांगितलं. घरी येऊन त्याने कडी लावली, स्पीकर लावला आणि बायकोला म्हणाला, "तू मोरीत जाऊन बस. आज हिचा नंबर."

उज्ज्वला मोरीत गेली नाही. ती पोरीच्या अंगावर पडली आणि त्या दिवशी तिने दोघींच्या वाटणीचं खाल्लं. दुसऱ्या कडव्याला बक्कल तिच्या डाव्या करंगळीवर बसलं आणि करंगळी वाकडी झाली ती झालीच. हेमराजने गाणं बंद केलं, पाणी प्यायला, आणि अगदी शांतपणे बोलला, "दोन दिवसांवर कानबाई आली, म्हणून सोडतो. देवी जाऊ दे. मग हिला बघतो."

कारण तेवढा धर्म तो पाळायचा. श्रावणात कानबाई घरी बसली की बाईमाणसावर हात उचलायचा नाही, ही खानदेशातली जुनी धास्ती त्याच्या आईने त्याच्यात पक्की रुजवली होती. नारळाला नथ-डोळे लावून देवी चौरंगावर बसली, की ती नदीवर जाईपर्यंत उज्ज्वलाचं अंग सुटं व्हायचं. वर्षातले तेवढेच दिवस ती कुशीवर न वळता झोपायची. या वर्षी सोसायटीची कानबाई त्यांच्याच घरी बसणार होती. उज्ज्वलाने चौरंग डोक्यावर न्यायचा नवस बोलला आणि देवीकडे एकच मागितलं: माझ्या पोरीवर ते गाणं वाजू देऊ नकोस.

सोमवारी सकाळी देवी निघाली. शोभाबाईंनी उज्ज्वलाची ओटी भरली. ओंजळभर गहू, वर सोललेला नारळ. चौरंग डोक्यावर घ्यायचा म्हणजे ओटी हातात धरता येणार नाही, म्हणून नारळासकट पदराला त्यांनी घट्ट गाठ मारली आणि ती कमरेला खोचून दिली. करंगळीला हळद बांधलेली बघून विचारलं, "हाई काय व्हयनं?" उज्ज्वला म्हणाली, "दारात सापडली." डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चौरंग, चौरंगावर देवी. दोन्ही हात वर.

चौकापर्यंत पायी जायचं आणि पुढे टेम्पोने तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, असा दरवर्षीचा रिवाज. पुढे डीजेची गाडी, तिच्यामागे नाचणारे पुरुष, मग बायका, आणि बायकांच्या मधे उज्ज्वला. शेजारी गौरी आरतीचं ताट घेऊन. जो तो आनंदात होता. एकटी उज्ज्वला पाय ओढत चालत होती. प्रत्येक पावलाला नदी जवळ येत होती, आणि देवी नदीत गेली की संध्याकाळी घरी फक्त हेमराज उरणार होता. मिरवणूक आणखी हळू चालावी, रस्ता बंद असावा, टेम्पो पंक्चर व्हावा, काय वाट्टेल ते व्हावं, असं तिला वाटत होतं. आपण देवीला पोचवायला निघालो की पोरीला, हेच तिला कळेनासं झालं होतं.

गिरणीच्या फाटकापाशी मिरवणूक थांबली. शोभाबाई लगबगीने डीजेच्या गाडीकडे गेल्या आणि हसत परत आल्या. सुमित डीजेवाल्याने माइक घेतला. "शोभाकाकूंची फर्माईश आहे! आपले हेमराजभाऊ आणि आज कानबाई डोक्यावर घेणाऱ्या उज्ज्वलावहिनी, या जोडीसाठी, त्यांच्या आवडीचं..."

आणि ढोल वाजला.

घरातला स्पीकर तो केवढा, आणि हे ट्रकभर भोंगे. ढोल तिच्या छातीतच वाजला. डावा हात आपोआप खाली आला. तिने तो दात-ओठ खाऊन पुन्हा वर नेला, पण तोवर तोल गेला होता. ती बसत चालली. चौरंग कलला. देवीची ओढणी घसरली. बायका ओरडल्या. गौरीने आरतीचं ताट टाकलं आणि चौरंगाला हात दिला, तशी तबकातली निरांजनं रस्त्यावर पसरली.

हेमराज पुढे नाचत होता. त्याने वळून पाहिलं. सगळ्या समाजात शोभा झाली होती, आरती रस्त्यात सांडली होती, आणि वर ते गाणं चालू होतं. ‘झुमका’ हा शब्द आला आणि त्याचा हात उठला. विचार करून नाही उठला. इतक्या वर्षांची सवय, त्या शब्दाला तो उठायचाच. देवी अजून नदीवर गेली नव्हती, हेही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

थप्पड गौरीच्या कानशिलावर बसली. पोरगी तशीच चौरंग धरून उभी राहिली. त्याने दुसरी मारली. "हरामखोर! देवीची आरती पाडते?" गौरीच्या नाकातून रक्त आलं आणि ते चौरंगाच्या पांढऱ्या वस्त्रावर ठिबकलं.

"शोभाताई," उज्ज्वला म्हणाली, "चौरंग धरा."

"काय व्हयनं, माय?"

"या गाण्यावर मारतात मला. रोज तुम्ही ऐकता ना, ते हेच. धरा."

शोभाबाईंनी चौरंग धरला.

उज्ज्वलाने कमरेची गाठ सोडवली नाही, नुसती उपसली. नारळ पदरात घट्ट बांधलेला होताच. तिने पदर फिरवला आणि नारळ हेमराजच्या जबड्यावर आणला.

जबड्याचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. गाणं केवढं मोठं होतं! हेमराज गुडघ्यावर आला, तोंडाला हात लावला, हातात दात आला. तो ओरडला, आणि ओरडणंही ऐकू आलं नाही. पाठीमागच्या लोकांना वाटलं, नवरा-बायको नाचताहेत, एकाने तर शिट्टी मारली. उज्ज्वलाने दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसरा पाठीत. गाणं तिला पाठ होतं. कुठे हात उचलायचा ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बासरी लागली. दम खायची जागा. तेवढ्यात हेमराजने उठून तिचे केस धरले आणि तिचं डोकं खाली ओढलं. "घरी चल," तो रक्ताच्या तोंडाने तिच्या कानात म्हणाला, "दोघींना जिवंत ठेवत नाही." ती ओणवी झाली, आणि तिने त्याच्या उजव्या हाताचा चावा घेतला, जो हात पट्टा काढायचा त्याच हाताचा, कातडं तुटेपर्यंत. केस सुटले. दुसरं कडवं सुरू झालं. नारळ त्याच्या मनगटावर बसला आणि मनगट भलतीकडेच वळलं. पदर फाटला, गहू रस्त्यावर उधळले, आणि नारळ हातात घेऊन ती त्याच्या छातीवर बसली.

नितीन पुढे धावला होता, पण मधेच थबकला. त्याने हात जोडले. "देवी आली! वहिनींच्या अंगात देवी आली!" झालं, बाकीच्या पुरुषांनीही पटापट चपला काढल्या आणि हात जोडले. पुरुषांना हे बरं असतं. बाई चिडली म्हटलं तर कारण विचारावं लागतं, देवी आली म्हटलं की नमस्कार केला की भागतं.

उज्ज्वलाने नारळ डोक्यापर्यंत उचलला होता. खाली हेमराजचं तोंड होतं, डोळे मिटलेले, आणि धड राहिलेला डावा हात डोक्यावर घेतलेला. अगदी ती घ्यायची तसाच. तो हात बघून तिला शिसारी आली, त्याची आणि इतकी वर्षं तसा हात घेतल्याची. तिने नारळ बाजूला रस्त्यावर आपटला. तो फुटला आणि पाणी हेमराजच्या गालावरून वाहिलं.

"देवी-बिवी काही नाही," ती नितीनला म्हणाली. "मीच आहे. जोडलेले हात सोड आणि पोलिसांना फोन लाव. मार खाल्ल्याचंही सांगणार आहे मी आणि मारल्याचंही. आणि तू ऐक रे," ती खाली बघून म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती. "पाणी प्यायलास ना? आता उठ."

तो उठला नाही. दोघी बायकांनी चौरंग धरला आणि शोभाबाई मोकळ्या झाल्या. त्या हेमराजपाशी आल्या, खाली वाकल्या आणि त्याच्या तोंडावर थुंकल्या. मग उज्ज्वलाचा हळद बांधलेला हात हातात घेऊन त्या भर रस्त्यात मोठ्याने रडू लागल्या. "मी गुनगुनत बसनू वं, माय. त्या गानावर मी टिकल्या लावत बसनू."

दुसरं कडवं संपलं. इथे प्रत्येक डीजेवाला गाणं बदलतो, कारण पुढे चाल संथ होते आणि संथ चालीवर कुणी नाचत नाही. सुमितला पुढे काय चाललंय ते आत्ता कुठे दिसलं होतं. घाबरून त्याने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नको!" शोभाबाई ओरडल्या. "वाजू दे ते. इतला वरीस भिंतना आडे आयकं. आते समोर आयकसूत."

सुमितचा हात मागे आला. फाटकापाशी मिरवणूक तशीच उभी होती. ढोल थांबला. नुसती बासरी राहिली, आणि मग भोंग्यांतून एका बाईचा आवाज आला. मोकळा, थोडा खरखरीत. ती म्हणत होती, झुमका तुनाच कानले बांध, मी मन्ही वाटे चालनू. म्हणजे झुमका ठेव तुझ्याकडेच, मी निघाले माझ्या वाटेने.

गौरी नाकाला ओढणी धरून आईजवळ आली. तिने आयुष्यभर हे गाणं ऐकलं होतं.

"मम्मी," ती म्हणाली, "यात बाई पण गाते?"

"गाते," उज्ज्वला म्हणाली. "शेवटी गाते. आपल्या घरी गाणं तिथपर्यंत कधी गेलंच नाही."