तीस नंबरचं पान

त्या सकाळी सरोवर आणि आकाश यांच्यामधली रेघ कोणीतरी ओल्या बोटाने पुसून टाकली होती. बोट पाण्यावरून चालली होती म्हणायचं. पण खिडकीशी बसलेल्या कानोकोला वाटत होतं, आपण कुठेच जात नाही आहोत, समोरचं बेटच धुक्यातून सावकाश आपल्याकडे येतंय. मांडीवर इतोहा झोपली होती. दोन वर्षांची व्हायला आलेली पोर, पण झोपली की वजन दुप्पट. तिच्या श्वासाबरोबर कानोकोच्या स्वेटरवर एक उबदार ओला ठिपका वाढत चालला होता.

पायाशी बॅग होती आणि बॅगेत वही. गेले तीन आठवडे ती वही कानोकोच्या पायाशी, उशाशी, खांद्यावर होती, आणि तरी तिला तिची सवय झाली नव्हती.

समोरच्या बाकावर आई आणि हात्सुमीमावशी संत्री सोलत बसल्या होत्या. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. दर शरद ऋतूत दोघींनी मिळून कुठेतरी जायचं, एखादं देऊळ, एखादं बेट, एखादं गाव, हे इतक्या वर्षांचं होतं की दोघींच्या नवऱ्यांनीही कधी त्यात तोंड घातलं नाही. मागचं एक वर्ष तेवढं रिकामं गेलं. या वर्षी आई म्हणाली होती, "कानोको, तूही चल. छोटीला घेऊन. मला चिकुबू बेटावर जायचंय."

"काल आमचे हे पुन्हा आले होते," हात्सुमीमावशी संत्र्याच्या फोडीवरचे दोरे काढत म्हणाली.

"स्वप्नात?"

"मग काय टॅक्सीने येणार? दारात उभे राहिले आणि म्हणाले, माझे करडे मोजे कुठेत. जिवंतपणी चव्वेचाळीस वर्षं तेच, आता मेल्यावरही तेच. मी म्हटलं, ड्रॉवरमध्ये बघा. बघतील तर शपथ."

आई हसली. मग फोड तोंडात न घालता तशीच हातात धरून म्हणाली, "तुझे यजमान मोजे शोधायला तरी येतात. कानोकोचे बाबा एकदाही आले नाहीत. दीड वर्षात एकदाही नाही."

"शहाणा माणूस. झोपू देतो तुला."

"नाही गं, हात्सु." आईने खिडकीबाहेर पाहिलं. "ते दारातच अडकलेत."

कानोकोने इतोहाच्या डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली. आता बोलावं, असं तिला वाटलं. पण तेवढ्यात मावशीने अख्खं संत्रं तिच्या हातात कोंबलं, "खा, तू नुसती बघतेस," आणि ती वेळ गेली.

आई-बाबांनी तेहतीस देवळांची यात्रा रविवार-रविवार करून अकरा वर्षांत पुरी केली होती. पुरी म्हणजे आईने. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन सारख्या, घड्यांच्या वह्या घेतल्या होत्या, पानापानावर देवळाचा नंबर छापलेल्या; आणि आईने बाबांच्या जुन्या निळ्या युकाताचं, म्हणजे सुती झग्याचं, कापड फाडून दोन्हींना सारखीच कव्हरं शिवली होती. प्रत्येक देवळात कुंचल्याने लिहून घ्यायचं, वर शेंदरी शिक्के. माणूस गेला की शवपेटी बंद करण्याआधी ही वही त्याच्या छातीवर ठेवतात. पलीकडच्या दारात दाखवायला.

बाबा गेले तेव्हा इतोहा चार महिन्यांची होती. त्या दुपारी ती रडत होती, कानोकोचं दूध अंगावर ओघळत होतं, लोक फुलं घेऊन रांगेत उभे होते आणि कोणीतरी म्हणालं, वही, वही राहिली. कानोको धावत आतल्या खोलीत गेली, देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर उघडला, वरची निळी वही उचलली आणि आणून ठेवली. आईने विचारलं, "ठेवलीस ना?" ती म्हणाली, "ठेवली."

तीन आठवड्यांपूर्वी आईने फोनवर सांगितलं, "आज येशील तेव्हा ड्रॉवरमधली माझी वही तुझ्या बॅगेत घेऊन ठेव, मी विसरेन." कानोकोने ती काढली, सहज शेवटचं पान उघडलं, आणि तिथे बाबांच्या उभ्या, कडक अक्षरात नाव होतं: कुनिओ.

म्हणजे जळली ती आईची.

नुसती शिक्क्यांची असती तर एक वेळ चाललं असतं. पण आईच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर तिची बारीक, मुंगीसारखी टिपणं होती. देवळांची नव्हे, खाण्याची. कुठल्या गावात टोफू चांगला मिळाला, कुठल्या बेटावरच्या म्हातारीने लोणचं बांधून दिलं, कुठे बाबांनी तिसऱ्यांदा भात मागितला. बाबा चिडवायचे, "देवाच्या वहीत हॉटेलचं मेनूकार्ड." बाबांच्या वहीची मागची पानं मात्र स्वच्छ. त्यांनी कधी काही लिहिलं नाही.

बोटीचा भोंगा वाजला. इतोहा जागी झाली आणि सगळ्या प्रवाशांकडे न्यायाधीशासारखी पाहू लागली.

परतीची बोट ठरलेली होती, सव्वा तासाने. बेटावर रात्री कोणी राहत नाही. माणसं सकाळच्या बोटीने येतात, शेवटच्या बोटीने जातात, मागे उरतात पाणकावळे आणि वीणा घेतलेली देवी. धक्क्यापासून दगडी पायऱ्या सरळ वर चढत गेल्या होत्या, एकशे पासष्ट, आणि धुक्यामुळे वरचं टोक दिसत नव्हतं. जणू त्या कुठे पोचूच नयेत, असंच बांधणाऱ्याच्या मनात असावं.

"एक, दोन, पाच," इतोहा म्हणाली.

"बरोबर," हात्सुमीमावशी म्हणाली. "या वयात मीपण असंच मोजते. चल, बाळ, आपण दोघी पुढे. या माय-लेकींना गुडघे नाहीत." आणि ती पोरीचं बोट धरून खरंच पुढे निघाली. दोन टोप्या, एक लाल, एक तपकिरी, धुक्यात वर वर विरत गेल्या.

अर्ध्या वाटेवर आई थांबली. बसायला दगड होता. खाली झाडांमधून पाणी दिसत होतं, नाही, पाण्याच्या जागी नुसता उजेड दिसत होता.

"मागच्या खेपेला मी इथेच थांबले होते," आई म्हणाली. "हात्सु पुढे गेली होती. तेव्हाही असंच धुकं. इथून पलीकडच्या काठावरचा धक्का दिसतो का, बघत होते. वेडी. अर्ध्या तासाच्या अंतरावरचा धक्का कसा दिसणार?"

"बाबा तिथे होते ना?"

"बाकावर. बोटीत पाय टाकायला तयार नाहीत. डोंगरातला माणूस. एकोणतीस देवळं गाडी चालवून नेली मला, आणि इथे आल्यावर म्हणे, पुढच्या वेळी. तीनदा असंच. त्या दिवशी मी चिडले. म्हटलं, बसा मग, तुमचं पान राहू दे कोरं, मी जाते. बोट सुटली तरी ते हात हलवत होते. भाताच्या शितापेक्षा लहान झाले तरी हलवतच होते." आईने हातमोजा काढला आणि पुन्हा घातला. "तीस नंबर कोरा घेऊन गेले ते, कानोको. तिथे विचारलं असेल ना कोणी, हे काय, मधलंच पान? काय सांगितलं असेल? बायको रागावून एकटीच गेली?"

कानोकोने खांद्यावरची बॅग काढून दगडावर ठेवली.

"म्हणून आले. दुसऱ्यांदा आलं की त्याच पानावर परत एक शिक्का देतात. माझ्या तीस नंबरवर त्यांच्या नावचा घेईन. चालतं का माहीत नाही. पण दुसरं काय करू?" तिने हात पुढे केला. "दे वही. वर गर्दी असेल."

आता बॅग उघडायची, वही द्यायची आणि गप्प राहायचं, एवढंही करता आलं असतं. आईने वर शिक्क्यांच्या खिडकीशी ती उघडली असती, कोरं पान पाहिलं असतं, मागे माणसं उभी, आणि कानोकोने चेहऱ्यावर आश्चर्य आणलं असतं. तीन आठवड्यांत हा विचार तिच्या मनात किती वेळा येऊन गेला, ते तिलाच ठाऊक. तिने बॅग उघडली. वही काढली. पण आईच्या हातात दिली नाही, छातीशी धरली.

"आई, ही तुझी नाही."

"म्हणजे?"

"ही बाबांची आहे. त्या दिवशी मी बघितलंच नाही. वरची उचलली आणि ठेवली. तुझी गेली, आई. तुझी वही त्यांच्याबरोबर जळली."

पायऱ्यांवरून एक जोडपं खाली गेलं. बाईने मान लववून नमस्कार केला, आईनेही केला, अगदी नेहमीसारखा. धुकं आईच्या केसांवर बारीक मण्यांसारखं बसलं होतं.

"कधी कळलं तुला?"

"तू फोन केलास त्या दिवशी."

"तीन आठवडे बॅगेत घेऊन फिरलीस?"

"हो."

"नॅपीच्या शेजारी?"

"पिशवीत घालून ठेवली होती," कानोको म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

आईने वही तिच्या हातातून सोडवून घेतली. निळ्या कापडावर अंगठा फिरवला. एकेक घडी उलगडत गेली, चौदा, बावीस, एकोणतीस, आणि मग ते पान. वर छापलेला तीसचा आकडा आणि खाली नुसता पांढरा कागद, त्या सकाळच्या सरोवरासारखा.

"ओकायामाच्या त्या खाणावळीचं नाव त्यात होतं," आई हळू म्हणाली. "तू सहा वर्षांची होतीस. तुला ताप आला आणि त्या बाईने रात्री पेज करून दिली. मी म्हटलं होतं, एकदा परत जाऊन तिला भेटायचं. आता नाव कुठून आणू?"

"मला माफ कर."

"थांब जरा. मला विचार करू दे." तिने डोळे मिटले. ओठ हलत होते, जणू ती दोन वह्या दोन हातांत तोलून बघत होती. "म्हणजे त्यांच्या छातीवर होती ती माझी."

"हो."

"तीस नंबर भरलेली."

कानोकोने डोळे पुसले आणि आईकडे पाहिलं. "भरलेली, आई. सगळी."

आईच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. कानोकोला ते दिसलं, जसं मांडीवरचं मूल झोपलं की कळतं तसं.

"आणि मागची पानंही त्यांच्याबरोबर."

"तीही."

"अकरा वर्षांची जेवणं." आईच्या तोंडून एक आवाज आला; हसू की हुंदका, सांगता आलं नसतं. "मग वाचत बसले असतील. एकेक अक्षर लावून वाचायची सवय त्यांना, वर्तमानपत्राला दुपार लागायची. माझं बारीक अक्षर, चष्मा इथेच राहिला. म्हणून स्वप्नात यायला फुरसत नाही."

वरून हात्सुमीमावशीचा आवाज आला, "शिगे, गुडघे सापडले का? इथे तुझ्या नातीने देवीला अर्धं संत्रं दिलं आणि अर्धं परत मागितलं."

शिक्क्यांच्या खिडकीत एक तरुण भिक्षू बसला होता. बाह्या मागे बांधलेल्या, समोर शाईचा दगड. त्याने वही उघडून पाहिली.

"पहिल्यांदाच येताय का, आजी?"

"मी दुसऱ्यांदा," आई म्हणाली. "वही पहिल्यांदाच आलीय."

त्याने अधिक विचारलं नाही. कुंचला शाईत बुडाला, टेकला, आणि कागदावर एक काळी, ओली, जिवंत रेघ उतरत गेली. इतोहा मावशीच्या कडेवरून वाकून पाहत होती. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग शेंदरी शिक्के, एक, दोन, तीन. शाई दुसऱ्या पानाला लागू नये म्हणून त्याने वर पातळ कागद ठेवला आणि दोन्ही हातांनी वही परत केली. आईनेही दोन्ही हातांनी घेतली.

खाली उतरताना ती म्हणाली, "मी जाईन तेव्हा ही माझ्याबरोबर ठेव."

"आई, काहीतरीच."

"ठेव. तिथे भेटलो की बदलून घेऊ. आणि या खेपेला जरा उघडून बघ."

परतीच्या बोटीत धुकं विरळ झालं होतं. पाण्यावर ऊन जागोजाग सांडलं होतं, पण रेघ अजून परत आली नव्हती. बेट मागे राहिलं तेव्हा ते हवेतच टांगल्यासारखं दिसत होतं. मावशी बसल्या बसल्या पेंगली. आईने कानोकोकडे पेन मागितलं, वही उलटी केली आणि मागचं पहिलं कोरं पान मांडीवर सपाट केलं.

"शिगे," मावशी एक डोळा उघडून म्हणाली, "नवऱ्याच्या वहीत मेनूकार्ड?"

"तू झोप."

तिने तारीख घातली. खाली मुंगीसारख्या अक्षरात लिहू लागली आणि कानोको खांद्यावरून वाचू लागली. काल, नागाहामा, बांगड्याच्या शेवया. मासा गोडसर, हाडासकट मऊ. हात्सुने माझ्या ताटातला उचलला. आज बोटीत संत्री, काही आंबट. तुम्ही असता तर आंबटही खाल्ली असती.

"माझं नाव कशाला त्यात?" मावशी पुटपुटली.

"त्यांना कळू दे कोण उचलतं ते."

धक्का जवळ आला. तोच धक्का, तोच लाकडी बाक, रिकामा. वर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. इतोहा खिडकीच्या काचेला नाक लावून उभी राहिली आणि तिने हात हलवला. ती सगळ्यांनाच हात हलवायची, बसला, कुत्र्याला, सिग्नलला.

आईने एकदा मान वर करून बाकाकडे पाहिलं, मग नातीकडे. आणि पेन पुन्हा टेकवून शेवटच्या ओळीच्या खाली लिहिलं: छोटीने हात केला.