ऊर्जापट्ट्याची वीतभर करामत

सरावाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. धावपटू, उड्या मारणारे, त्यांचे आईबाप, झाडूवाले काकासुद्धा एका भिंतीसमोर अर्धगोल करून दाटीने उभे होते. मध्यभागी रेशमी ट्रॅकसूट घातलेले ऊर्जागुरू. सुटलेली बस पकडायलाही जो कधी धावला नसेल, तो आमच्या खेळाडूंना वेग देणार होता.

"पाय हलवायचे नाहीत," गुरू एका धिप्पाड गोळाफेकपटूला म्हणाले. "हात सरळ ठेव आणि कमरेतून जमेल तेवढं मागे वळ."

तो वळला. बोट भिंतीवर पोचलं तिथे गुरूंनी खडूने रेघ मारली. मग त्याच्या मनगटावर तांब्याचा पट्टा चढवून ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. "आता वळ. पेशी जाग्या झाल्यात. विश्वातली कंपनं तुझ्या मणक्यात उतरतायत."

बोट रेघेच्या चांगलं वीतभर पुढे गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी या केंद्रात खेळाडूंची मोजमापं घेते. नाडी, झोप, उडीची उंची, कुणाला किती सराव झेपतोय ते बघते. म्हणून सगळे मला फूटपट्टीबाई म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वी लांब पल्ला धावणाऱ्या आमच्या खारूची नडगी मी बोटाने दाबली, तर एका जागी तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डॉक्टरांकडे पाठवलं. हाडाला बारीक चीर निघाली, सहा आठवडे धावणं बंद. पण निवड चाचणी उद्यावर आली होती. गुरूंनी आठवड्यापूर्वीच तिच्या बाबांना गाठून सांगितलं होतं, "चीरबीर काही नाही, ऊर्जा अडलीय." पट्टा घालून ती आठवडाभर पळत होती.

मी मुख्य प्रशिक्षकांना बाजूला घेतलं. "सर, उद्या ती धावली तर हाड मोडेल."

"अहो, डोळ्यांदेखत वीतभर फरक पडला. तुमची यंत्रं कधी असं करून दाखवतात का?"

हेच सर प्रत्येक चाचणीआधी पोरांना दटावतात, की पहिला प्रयत्न धरायचा नाही, अंग आखडलेलं असतं, दुसरा पुढे जाणारच. वीस वर्षं हा नियम पाळणारा माणूस एका चकचकीत पट्ट्यापुढे तो साफ विसरला होता. ज्याला माहीत नाही त्याला मी समजून घेते. माहीत असून अक्कल गहाण टाकणाऱ्याची मला किळस येते.

मी सरळ गर्दीच्या मध्ये गेले. "गुरुजी, आणखी दोघातिघांवर करून बघू. फक्त पट्टा आधी घालू आणि नंतर काढू."

"क्रम बदलला की कंपनं बिघडतात, बाई."

"एवढं मोठं विश्व, आणि त्याला आधी काय नि नंतर काय हे बघून काम करावं लागतं?"

पोरं हसली. आता गुरूंना मागे हटता येईना. भाला फेकणारी मुलगी पट्टा घालून वळली, मी रेघ मारली. पट्टा काढून वळली, तर बोट वीतभर पुढे. उंच उडीवाल्याचंही तेच. तिसऱ्याला रेघ मारल्यावर मी पट्ट्याऐवजी बुटाची लेस बांधली. तोही पुढे गेला.

"लेसमध्येपण कंपनं उतरली वाटतं," झाडूवाले काका म्हणाले.

"पहिल्यांदा वळताना स्नायू ताणले जाऊन सैल होतात," मी सांगितलं. "शिवाय दुसऱ्या वेळी रेघ दिसत असते. रेघ दिसली की माणूस तिच्यापुढे जायला बघतोच. मग मनगटात पट्टा घाला, नाहीतर गळ्यात बादली अडकवा."

सरांनी मान खाली घातली. "अश्रद्ध जागी ऊर्जा टिकत नाही," म्हणत गुरू पट्ट्यांची पेटी आवरू लागले.

खारूचे बाबा मात्र जागचे हलले नाहीत. बस चालवणारा साधा माणूस. "पण बाई, पट्टा घातल्यापासून तिचं दुखणं थांबलंय. आता ती दुखतं म्हणतच नाही."

"नाही थांबलं, बाबा," खारू हळूच म्हणाली. "रोज दुखतं. गुरुजी म्हणाले, दुखतं म्हणणाऱ्याची श्रद्धा कच्ची असते. आणि तुम्ही इतक्या आशेने बघत होतात, म्हणून मी सांगायचंच सोडलं."

खडूच्या रेघेची चलाखी मी एकवेळ हसून सोडली असती. पण एका पोरीला आपलं दुखणं बापापासून लपवायला लावणं हा निव्वळ नीचपणा होता, आणि तो करणारा माणूस शांतपणे पेटीला कुलूप लावत होता.

खारू लंगडत सरांच्या टेबलापाशी गेली आणि उद्याच्या यादीतलं आपलं नाव तिने स्वतः खोडलं. रडली नाही. बाबा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिचा मोजा खाली केला आणि सुजलेल्या नडगीवर घाबरत घाबरत बोट ठेवलं. "इथे?" त्यांनी विचारलं. ती "हो" म्हणाली.

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच सांगा, की हेच उलट्या क्रमाने करून दाखव. टाळाटाळ केली तर उठून घरी या. आणि घरातलं लेकरू दुखतंय म्हणालं, तर दुसऱ्या कुणालाही विचारण्याआधी त्याला विचारा, कुठे.