टीव्ही गेमचे सहा स्क्रू

प्रज्ञानं टीव्ही गेमचा डबा पालथा करून मांडीवर घेतला आणि पहिला स्क्रू फिरवला, तसे बन्सीलाल पेपर बाजूला ठेवून खुर्चीतून पुढे सरकले.

"कायले खोलते व तो? भंगार आहे ते."

"भंगार नाही बाबा. ह्यात कॉम्प्युटर बसवायचाय."

तिनं पर्समधून एक लहानसं खोकं काढून दाखवलं. आत पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी होती. तोच म्हणे कॉम्प्युटर. प्रज्ञा जामनेर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती आणि मेच्या सुटीत चार दिवस माहेरी भुसावळला आली होती. कुणा दात्यानं शाळेला ही पाटी दिली होती, टीव्ही शाळेत होताच. उघडी पाटी पोरांच्या हातात कशी द्यायची, म्हणून पाटीला एखाद्या डब्याचं घर हवं होतं. ते प्रज्ञाला माळ्यावर सापडलं होतं.

"नवा डबा घी ना. मी आणून देतो बाजारातून."

"हाच पाहिजे. मीच बिघडवला होता ना? मग मीच चालू करणार."

ती हसत म्हणाली. बन्सीलालना हसू आलं नाही.

गोष्ट तशी जुनी, चोवीस वर्षांपूर्वीची. थोरला आकाश दहावीला होता आणि सहामाहीत गणितात काठावर पास झाला होता. बाप रेल्वेच्या इलेक्ट्रिक शेडमध्ये राबतो आणि पोरगा टीव्हीसमोर बसून बटणं बडवतो, हे बन्सीलालना बघवत नव्हतं. पण गेम त्याच्या आईनं, लिलाबाईंनी, हौसेनं घेऊन दिलेला. बंद करा म्हटलं की मायलेकरं एक होत. अशात एका संध्याकाळी सातवीतल्या प्रज्ञाच्या हातून सरबताचा पेला त्या डब्याशेजारी लवंडला. तिनं घाबरून फ्रॉकनं पुसलं. डब्याला काही झालं नव्हतं. रात्री आकाश तासभर खेळलासुद्धा.

सकाळी मात्र गेम चालू होईना. बन्सीलालनी डबा कानाशी हलवून पाहिला आणि निकाल दिला, "पाणी गेलं आत. जळाला." सुंठेवाचून खोकला गेला. खापर पोरीच्या डोक्यावर फुटलं. आकाश सबंध उन्हाळा तिच्याशी बोलला नाही. पुढे राग गेला, पण शब्द राहिला. 'प्रज्ञीचा हात लागला की जळतं,' हे घरातलं ठरलेलंच वाक्य झालं. इस्त्री बिघडली, प्रज्ञी. फ्यूज उडाला, प्रज्ञी. तिच्या लग्नात आकाशनं पाहुण्यांदेखत नवरदेवाला बजावलं होतं, मिक्सर हिच्यापासून लांब ठेवा. सगळे हसले होते. तीही हसली होती.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, बन्सीलालना हटकून खोकला यायचा. लिलाबाई त्याला बिडीचा खोकला म्हणायच्या. आत्ताही त्या विहारातच गेल्या होत्या, आणि घरात कूलरची घरघर तेवढी चालू होती.

"पाच निघाले," प्रज्ञा म्हणाली. "हा सहावा गंजलाय. बाबा, हा तुम्हीच काढा."

तिनं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. स्क्रूड्रायव्हर थोडा तिरपा धरून जोर दिला असता तर स्क्रूची खाच गेली असती, डबा उघडलाच नसता. कुणाला कळलंही नसतं. त्यांनी तसा धरूनही पाहिला. पण एकतीस वर्षं नटबोल्ट हाताळलेला हात. जाणूनबुजून खाच बिघडवायला तो वळेना. त्यांनी उठून खोबरेल तेलाची बाटली आणली, एक थेंब सोडला, थोडं थांबले आणि सरळ दाबून फिरवला. स्क्रू निमूट वर आला.

प्रज्ञानं झाकण उचललं.

आत फारसं काही नव्हतंच. एवढासा जुना बोर्ड आणि धूळ. आणि करंट आत यायचा तिथली लाल वायर मधोमध कापलेली. जळलेली नाही, तुटलेलीही नाही, पक्कडीनं एका झटक्यात कापलेली. दोन्ही टोकांना काळी टेप, उलट्या वेढ्यांची, आणि टेपवर दोऱ्याची गाठ.

बन्सीलाल डावखुरे. त्यांची टेप उलटी जायची. शेडमध्ये नुसता जोड बघून लोक सांगत, हा बन्सीचा. चोरून कापतानाही त्यांना उघडं टोक सोडवलं नव्हतं. तशीच सोडली असती तर वायर आपोआप तुटली म्हणून खपली असती. पण उघडं टोक सोडणं त्यांना माहीतच नव्हतं.

प्रज्ञानं ती गाठ बोटानं चाचपली. तिच्या घरच्या इस्त्रीच्या वायरीला बाबांनी अशीच गाठ मारून दिली होती. तिनं वर पाहिलं, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"बाबा, तुम्ही उघडला होता हा? जळालेला तुकडा काढून टाकलात, टोकं झाकलीत. पार्ट मिळाला नसेल तेव्हा." तिनं पदरानं नाक पुसलं. "म्हणजे माझ्यासाठी बघितलं होतंत तुम्ही. मला वाटायचं, तुम्हीसुद्धा माझ्यावरच चिडलात. कधी बोलला का नाहीत?"

बन्सीलालनी इतकी वर्षं पकडलं जाण्याची धास्ती बाळगली होती. सुटका होईल, तीही अशी, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पोरगी खुश होती. हिरवी पाटी आत बसली असती, वायरचा तुकडा कचऱ्यात गेला असता, आणि वर बापाच्या मायेची एक गोष्ट तिच्यापाशी राहिली असती.

त्यांना स्वतःची किळस आली.

"दुरुस्त नव्हतो करत मी," ते म्हणाले. "मीच कापली ती."

"म्हणजे?"

"चालू होता तो गेम. तुम्ही झोपले तव्हा मी खोलला. आकाशची दहावी होती व."

प्रज्ञानं झाकण हळूच चटईवर ठेवलं. स्क्रू गोळा करून वाटीत टाकले, एकेक.

"दादाची दहावी होती," ती म्हणाली. "आणि माझं काय होतं?"

बन्सीलालनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मी सायन्स घेतलं नाही बाबा. मार्क होते मला. वाटलं, प्रॅक्टिकलला काहीतरी जाळीन. ही पाटी शाळेत आली तर महिनाभर मी खोकं उघडलं नव्हतं."

"चुकलं माझं." ते म्हणाले. "लय चुकलं, बाई. सांगू सांगू म्हणत राहून गेलं."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. तिनं फोन उचलला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"मला सांगून काय उपयोग? दादाला सांगा. वहिनी, पोरं असतील तर त्यांनाही ऐकू द्या."

पुण्यात रिंग वाजत होती. बन्सीलालनी फोन दोन्ही हातांनी धरला. त्यांना वाटलं, उचलू नये त्यानं. त्यानं उचलला.

"बोला बाबा. मीटिंगमध्ये आहे मी, संध्याकाळी करू का? का काही अर्जंट आहे?"

बन्सीलालनी प्रज्ञाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"अर्जंट आहे," ते म्हणाले. "बाहेर ये."