मी बांडी, एकाच हाताची गाय

मी बांडी. कोऱ्हाळे बुद्रुकला कालव्याच्या अंगाला रणजितचा गोठा आहे, त्यात दाराजवळच्या खुंट्याला बांधलेली गाय. अंगावर काळे-पांढरे चट्टे, म्हणून हे नाव पडलं. आई ह्याच गोठ्यातली, बाप मात्र परदेशी. त्याचं तोंड ना आईनं पाहिलं ना मी. डॉक्टरांच्या थंड टाकीतून, एका बारीक नळीत बसून तो आमच्या गावात आला. म्हणजे ह्या घराचा परदेशाशी पहिला संबंध माझ्यामुळं जुळला म्हणा ना! तरीही घरातली माणसं परदेशाला निघाली तेव्हा वाटेत आडवी आले ती मीच.

माझी आई मला जन्म देऊन परत उठली नाही. त्याच महिन्यात घरात आणखी एक बाळ आलं होतं, संजीवनीची धाकटी मुलगी छकुली. संजीवनी म्हणजे रणजितची बायको आणि गोठ्याची खरी मालकीण. एका खांद्यावर छकुली आणि दुसऱ्या हातात माझी दुधाची बाटली, अशी ती ह्या दारात बसायची. आम्ही दोघी एकदमच भोकाड पसरायचो. छकुली पुढं तिला मम्मी म्हणायला शिकली, मला ते जमलं नाही, एवढाच काय तो फरक.

पहिल्यांदा व्याले तेव्हा माझी कास सुजून दगडासारखी झाली. धारा काढायला ठेवलेल्या गड्यानं हात लावला की जीव जायचा. मी पाय झाडला, तर त्यानं त्याच पायावर काठी हाणली. भाकऱ्या थापणारी संजीवनी पिठाच्या हातांनी धावत आली, काठी हिसकावली आणि गड्याला तिथल्या तिथं वाटेला लावलं. मग कोमट पाण्यात फडकं बुडवून माझी कास शेकत बसली. तव्यावरची भाकरी करपली, त्याबद्दल सासूची बोलणीही तिनं खाल्ली.

त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाचा हात लागला की माझा पान्हा आटतो. सासूबाई, म्हणजे द्वारकाबाई, म्हणतात, ही मिजासखोर आहे, मुद्दाम दूध चोरते. मुद्दाम नाही हो! तुम्हाला नाही का परक्या घरी घास घशाखाली उतरत नाही? तसंच ते. शेजारच्या दोन गाई यंत्रालासुद्धा मुकाट दूध देतात. मी संजीवनीलाच देते. आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमानही होता.

आता परदेशाचं सांगते. संजीवनीचं माहेर पळसदेवचं. धरणाच्या पाण्याच्या काठावर ती आणि तिची धाकटी बहीण रोहिणी पाय सोडून बसायच्या आणि एक दिवस खरा समुद्र बघायचा असं ठरवायच्या. हे मला धार काढता काढता तिनंच सांगितलंय. रोहिणीला तो नवऱ्याच्या नोकरीमुळं मिळाला, स्पेन देशात, वलेन्सिया नावाच्या शहरात. तिथंच गेल्या पावसाळ्यात तिला मुलगा झाला. बाळंतपणाला माहेरचं कुणी नव्हतं. आई कधीच वारलेली, भाऊ नाही. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी संजीवनी माझ्या कुशीला डोकं टेकून रडली.

"आई असती तर गेली असती गं बांडे. आई न्हाय म्हंजी मीच की तिची आई."

रणजितच्या कानावर ते गेलं असावं. दिवाळी झाल्यावर तो गोठ्यात येऊन म्हणाला, "मेच्या सुट्टीत सगळीच जाऊ. पोरींना बी शहर दिसंल, समुद्र दिसंल." एरवी संजीवनी हसताना पदर तोंडावर घेते. तेव्हा पदर खाली गळून पडला तरी तिला भान नव्हतं.

मग बेत आखायचं काम सुरू झालं, आणि तेही माझ्यासमोर. संजीवनी दुसरीकडं कुठं बसतच नाही. रणजित पेंडीच्या पोत्यावर फोन घेऊन, थोरली स्वरूपा त्याच्या खांद्यावरून वाकून, छकुली माझ्या शेपटीशी खेळत. रोहिणीचं घर लहान, तर जवळच दोन खोल्या घ्यायच्या. त्याला स्वयंपाकघर पाहिजेच, कारण छकुली वरणभाताशिवाय कशाला तोंड लावत नाही. पहिल्या दिवशी कुठं जायचं नाही, पोरी दमलेल्या असतील. दुसऱ्या दिवशी छकुलीसाठी माशांचं मोठं काचघर.

"दुपारची तिकडं बरीच दुकानं बंद असत्यात," रणजित वाचून म्हणाला.

"मग पुणंच की ते!" संजीवनी म्हणाली.

त्या शहरातली नदी म्हणे बाहेरून वळवली आणि कोरड्या पात्रात बागा केल्या, पोरांना घसरगुंड्या केल्या. द्वारकाबाईंना हे पटेना. नदीची बाग करणारी माणसं कसली, म्हणाल्या. त्यांना जायचंच नव्हतं. "मला इमानात कोंबू नका. मी घर बघते." रणजितला मात्र गुरुवार मोकळा ठेवायचा होता. तिथं गुरुवारी भरदुपारी चर्चच्या दारात शेतकरीच पंच होऊन बसतात आणि कालव्याच्या पाण्याची भांडणं उभ्याउभ्या मिटवतात. शेजारचे हिंदुरावतात्या हे ऐकून म्हणाले, "येताना त्यातलं दोघंतिघं हिकडं घिऊन ये. आमच्या पाण्याच्या चारीवर बसवू."

छकुलीनं मध्येच विचारलं, "मम्मी, त्या पाण्याला पलीकडं काठ हाय?"

"पळसदेवच्या पाण्याला हाय. समुद्राला नसतो म्हणं."

हे बोलताना माझ्या पाठीवरून फिरणारा तिचा हात थांबला.

माणसं तारखा काढतात तेव्हा मोठी हुशार दिसतात. यांनी ऊस कधी तुटतो ते पाहिलं, पोरींची परीक्षा पाहिली, भावकीतली लग्नं पाहिली, रोहिणीच्या नवऱ्याची रजा पाहिली. तिकिटंसुद्धा काढली. माझी तारीख मात्र कुणी धरली नाही. आषाढात त्या थंड टाकीवाल्या डॉक्टरला बोलावणारा रणजितच, आणि विसरणाराही तोच. एकदा वैरण टाकताना द्वारकाबाईंनी माझ्या पोटाकडं पाहिलं, बोटं मोजली आणि कपाळाला हात लावला.

"आरं रणजित, ही चैतात व्यायची की! मे म्हंजी ऐन दुधात. आन् धारा कोण काढणार?"

रणजित फोनवरची तिकिटं पुन्हा पुन्हा उघडून बघू लागला.

चैत्रात मला कालवड झाली. गोड आहे, कपाळावर पांढरा टिळा आहे. दूध असं आलं की बादली काठोकाठ भरायची. एरवी घरात आनंद झाला असता. यंदा जो तो माझ्या कासेकडं संकटासारखं बघत होता, आणि मला मान वर करून बघायची लाज वाटायची.

मग तालमी सुरू झाल्या. द्वारकाबाई बसल्या, थेंब नाही. सरकी पेंड पुढं ठेवून बसल्या. मी पेंड खाल्ली, पण दूध काही आलं नाही. मग कुणीतरी रणजितला सांगितलं, बायकोची साडी नेसून बस, गाय फसते. झालं! जांभळी साडी कशीबशी गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन, मिशा दातांखाली दाबून तो आला. साडीला वास संजीवनीचाच होता. मी क्षणभर फसलेही, कान सैल सोडले. तेवढ्यात त्या वासाच्या आतून तंबाखू आली. माझा पाय आपोआप उडाला, बादली गव्हाणीपर्यंत गडगडत गेली आणि रणजित साडीत पाय अडकून शेणात बसला. स्वरूपा आणि छकुली पोट धरून हसल्या. सगळ्यांत जास्त हसली संजीवनी, आणि हसता हसताच पदरानं डोळे पुसत घरात गेली.

हिंदुरावतात्यांनी दोन उपाय सांगितले. "पान्हा सोडायचं इंजेक्शन मिळतं, रोज टोचत ऱ्हावा. न्हायतर इकून टाका, आल्यावर दुसरी घ्या."

"इंजेक्शन देऊन जाऊ, आन् आल्यावर हिच्या डोळ्याकडं कशी बघू तात्या?" संजीवनी म्हणाली. "आन् इकायचं तर नावच काढू नका." मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी जावा पोरींना घिऊन. मी ऱ्हाते."

"बहीण तुझी, आन् जाऊ आमी?"

"मग काय करू? सांगा तुमीच."

रणजित उठून उसाकडं निघून गेला. स्वरूपा मागं रेंगाळली. बारा वर्षांची पोर, पण नजर आजीची. माझ्याजवळ येऊन दात खाऊन म्हणाली, "मम्मीलाच भ्या वाटतंय जायचं. तू निमित्त झालीस."

मला तिचा राग आला, कारण ती खरं बोलली होती. त्या संध्याकाळी संजीवनी धारेला बसली तेव्हा माझ्या कानाशी पुटपुटली, "माझ्याबिगर कुणाला देत न्हायस व्हय गं?" त्या आवाजात दुःख होतं, आणि थोडं सुखही होतं. तिच्यावाचून कुणाचं तरी अडतंय, ह्याचं सुख. तेच सुख मलाही होतं. आमचं दावं एकच, दोन्ही टोकांना आम्हीच बांधलेल्या.

तेवढ्यात रोहिणीचा फोन आला. पडद्यावर बाळ होतं, डोळ्यांवर येणारे भुरभुरते केस.

"ताई, ह्याचं जावळ अजून काढलं न्हाय बघ. मामा न्हाय ह्याला. तुझ्या मांडीवर बसवून काढायचं म्हणून थांबलेय."

संजीवनी एवढंच म्हणाली, "बघू." तिनं बहिणीला खरं सांगितलंच नाही. फोन ठेवला आणि धार काढू लागली. मला वाटलं, आता मी कुणालाही दूध द्यावं. वाटून काय उपयोग! पान्हा काही माझ्या सांगण्यानं येत नाही.

निघायला थोडे दिवस उरले. द्वारकाबाईंनी काहीतरी कारण काढून सुनेला बाजारात पाठवलं आणि संध्याकाळच्या धारेला स्वतः आल्या. सुनेची साडी नाही, पेंड नाही. बसल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खरबरीत हात.

"बांडे, माझी बी एक बहीण व्हती," त्या म्हणाल्या. "सुप्याला दिलीवती. बाळंतपणात लई वाट बघितली तिनं माझी. हितं म्हस नुकतीच व्यालेली. सासूबाई म्हणल्या, धारा कोण काढंल? ऱ्हायले मी. मग गेले ती तिच्या मातीलाच."

त्यांनी बादली जवळ ओढली.

"आन् ज्या म्हशीपायी ऱ्हायले, तिचं नाव बी आता आठवत न्हाय मला. तिला जाऊ दी, बाय. मला कुणी जाऊ दिलं न्हाय."

त्यांचा हात कासेला लागला. हळूच, विचारल्यासारखा. काठीवाल्या गड्याचा हात असा नव्हता. साडी नेसलेल्या रणजितचाही नव्हता. हा हात माझ्याकडून काही काढून घ्यायला आला नव्हता, विनवायला आला होता. माझी मांडी आखडली, मग हळूहळू सैल पडली. पोटात आधी कळ आली आणि मग ऊब उतरली. रिकाम्या बादलीच्या बुडावर पहिली धार वाजली, पाठोपाठ दुसरी. मग फेस आला आणि आवाज मऊ झाला.

दारात पिशवी घेऊन संजीवनी उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. द्वारकाबाईंनी मान न वळवता सांगितलं, "बॅग भर जा."

ती गेली नाही. पुढं आली, माझ्या कपाळावर कपाळ टेकलं. "शिकलीस व्हय गं," म्हणाली. तिचं तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आपल्यावाचून चालतं हे कळणं सोपं नसतं. मला तेव्हा तिचा हात चाटायचा होता, पण द्वारकाबाईंची धार अर्ध्यावर होती, म्हणून हलले नाही.

निघायच्या दिवशी ती नवी चप्पल घालून गोठ्यात आली. हाक मारली. मी गव्हाणीत तोंड खुपसून राहिले. वर पाहिलं असतं तर ती राहिली असती, किंवा मी हंबरले असते. दोन्ही नको होतं.

आता घर रिकामं आहे. द्वारकाबाई, मी, माझी कालवड आणि शेजारच्या दोघी गाई. दूध मी रोज देते. पूर्वीइतकं नाही, पण देते. द्वारकाबाई मला मिजासखोर म्हणत नाहीत, त्यामुळं थोडं चुकल्यासारखं होतं.

काल संध्याकाळी धारेच्या आधी फोन वाजला. द्वारकाबाईंनी तो माझ्यासमोर धरला. त्यात नुसतं निळं निळं पाणी होतं आणि छकुली ओरडत होती, "आजी, काठ न्हायच! म्या लई बघितलं!" मग वाळूत बसलेली संजीवनी दिसली. मांडीवर बाळ, डोकं गुळगुळीत, नुकतं जावळ काढलेलं. संजीवनीच्या चेहऱ्यावर ऊन होतं. असा चेहरा मी गोठ्यात कधी पाहिला नव्हता.

"आत्या, बांडी देती का वो धार?" तिनं सासूला विचारलं.

"देती की. तुझी आठवण बी काढत न्हाय."

"बांडे! ए बांडे!"

फोनमधून तो आवाज आला आणि माझ्या चारी सडांतून दूध आपोआप गळायला लागलं. बादली अजून भिंतीशी होती. थेंब फरशीवर टपटपू लागले, मग धारच लागली. द्वारकाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी झटकन फोन कालवडीकडं वळवला. "अंधार पडलाय गं हितं, बांडी दिसायची न्हाय. हिला बघ, किती वाढली." बोलता बोलता पायानं बादली ओढून माझ्याखाली सरकवली. फोन बंद झाल्यावर त्यांनी आपल्या पदरानं माझा पाय पुसला आणि म्हणाल्या, "गप. गप माझी बाय. येईल ती."

तुम्ही माझं एवढं ऐकलंत, तर आणखी एक करा. ती परतल्यावर कधी तुमची भेट झाली तर समुद्राचं विचारा, बाळाचं विचारा, गुरुवारच्या त्या पंचांचं विचारा. फरशीवर सांडलेल्या दुधाचं मात्र तिच्यापाशी बोलू नका. बोललात तर ती पुन्हा कुठं जायची नाही.