खोट नसलेला बोकड

तुकोजीने खांद्याने प्रयोगशाळेचे दार ढकलले. त्याच्या हातात दावे होते आणि दाव्याच्या टोकाला काही नव्हते.

"बोकड गेला, डॉक्टरसाहेब."

मधुसूदन टेंबे स्पिरिटच्या दिव्यावर मेण वितळवत होता. त्याने वात कमी केली.

"मेला?"

"मरतो कशाला? नेला. मानसिंगरावांची दोन माणसं आली. म्हणाली, देवीचा आहे, परवा नवमीला देवीला पाहिजे. मी रोकलं. पण माझं सुनतो कोण? पलटणीत पंचवीस वर्षं काढली, आणि आता काय, तर बोकडाचा चाकर."

मेणावर साय धरली तरी मधुसूदन तसाच उभा राहिला.

बोकड मानसिंगरावांच्याच घरचा होता. काळा कुळकुळीत, अंगावर एक पांढरा केस नाही. जन्मला तेव्हाच त्याला देवीच्या नावाने सोडले होते. पुढे डाव्या जबड्यावर गाठ आली, आणि खोट असलेले जनावर देवीला चालत नाही म्हणून तो दोन वर्षे नुसता खात राहिला. मधुसूदनने मागितला तेव्हा त्यांनी आनंदाने दिला. सरदाराच्या घरून फुकट मिळते ते असेच.

दरबारने चार वर्षांपूर्वी रेडियम आणले होते. टाचणीएवढ्या सुया, शिशाच्या जड पेटीत. तेव्हापासून गोरखी वाड्यामागच्या जुन्या तबेल्यातल्या तीन खोल्यांत मधुसूदन सशांची कातडी भाजत होता. किती तासांनी लाल होते, किती तासांनी सडते, किती दिवसांनी भरून येते. दोनशे बारा ससे झाले. विलायतेतल्या नियतकालिकांत दोन निबंध छापून आले. इथे लश्कर शहरात ते कुणी वाचले नाहीत. ज्यांनी रेडियम आणले त्यांनीही नाही. त्यांना ते पाहुण्यांना दाखवायला हवे होते. आता पाहुण्यांचा उत्साह संपला होता आणि हुकूम निघाला होता: डिसेंबरपर्यंत माणसावर उपचार झाला नाही, तर पेटी मुंबईला परत.

बोकडावर उपचार झाला होता. मेणाच्या साच्यात सुया रोवून तो साचा जबड्यावर बांधायचा. रोज चार तास, तेवीस दिवस. हनुवटीखालून डोक्यावर गाठ मारलेल्या त्या फडक्यामुळे तुकोजी त्याला दाढदुखीवाले मामा म्हणायचा. तीन महिन्यांत गाठ बसली.

आणि मग मधुसूदनने चूक केली. मानसिंगरावांना बोलावून त्याने बोकडाचा जबडा त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाला, "पाहा, आता याच्यात खोट नाही."

त्याचे वडील आणि आजोबा याच मानसिंगरावांच्या घरचे उपाध्ये. लहानपणी नवमीला पाण्याचा तांब्या धरून तो स्वतः अशा बोकडांशेजारी उभा राहिला होता. कुठल्या घरात कुठला शब्द उच्चारू नये, हे त्याच्याइतके कुणाला माहीत असणार? पण सशांच्या नादात माणूस घरचे विसरतो. त्याला फक्त एवढे दिसत होते की मानसिंगरावांच्या पत्नी सुलोचनाबाई यांच्या डाव्या गालात तशीच गाठ आहे, आणि मानसिंगरावांचा होकार हवा आहे.

त्या दिवशी मानसिंगराव एवढेच म्हणाले होते, "पाहू."

पाहू म्हणजे काय, ते आता कळले.

मधुसूदन तसाच निघून त्यांच्याकडे गेला. मानसिंगराव ओसरीवर तलवारींना तेल लावून घेत होते.

"या, डॉक्टर. बरे आलात. उपाध्यांच्या घरचं माणूस नवमीला पाहिजेच."

"बोकड मला अजून वर्षभर हवा आहे, रावसाहेब."

"कशाला? बरा झाला ना?"

"वरून बरा दिसतो. आत काय आहे ते मला ठाऊक नाही."

"मग त्या दिवशी खोट नाही कसं म्हणालात?"

"वरून नाही, असं म्हणालो."

"देवी वरून बघत नाही." मानसिंगरावांनी फडके खाली ठेवले. "हे बघा. आमच्या घरची बाई परक्या पुरुषासमोर तोंड उघडं करून आजवर बसलेली नाही. तरी मी तयार झालो. देवीनं हा बोकड घेतला, तर त्या तुमच्याकडे येतील. तुम्ही तुमचा शब्द मागे घेता का? घ्या. बोकडही घेऊन जा. मग पुन्हा त्यांचं नाव मात्र काढायचं नाही."

तलवारीला तेल लावणारा कान्होजी मान खाली घालून ऐकत होता.

मधुसूदनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शब्द मागे घेतला नाही. नमस्कार करून बाहेर पडला.

नवमीच्या सकाळी घरच्या सुवासिनीने बोकडाला न्हाऊ घालायचे आणि शिंगापासून खुरापर्यंत चाचपून पाहायचे, अशी त्या घरची रीत. ती म्हणेल तो निकाल. पुरुषांनी तिथे जायचे नाही. सुलोचनाबाई आतल्या चौकात होत्या, सोबत दुर्गा नावाची जुनी बाई. फार वेळ लागला. मग दुर्गा पडद्याशी आली.

"बाईसाहेब म्हणतात, साफ आहे."

बोकड बाहेर आणला. पाणी शिंपडले. त्याने अंग झाडले, म्हणजे देवीने स्वीकारला. न्हालेल्या जनावरावर पुन्हा गार पाणी टाकल्यावर ते दुसरे काय करणार, हे मधुसूदनच्या मनात आले आणि तिथेच राहिले. कान्होजीचा वार एकच बसला.

"घेतला!" मानसिंगरावांनी मधुसूदनच्या पाठीवर थाप मारली. "देवीनं घेतला, डॉक्टर! कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी टांगा पाठवतो."

दुपारी तुकोजी पितळी डबा घेऊन प्रयोगशाळेत आला. आत बोकडाचा खालचा जबडा होता.

"मुंडकं कान्होजीच्या हक्काचं. सोडायला तयार नव्हता. माझा फौजी कोट दिला तेव्हा ह्यो तुकडा मिळाला. थंडी आली की तुमच्याकडेच येऊन बसेन, सांगून ठेवतो."

पुढचे सहा दिवस मधुसूदनने मांस कागदासारखे पातळ कापण्याच्या तयारीत घालवले. औषधात ठेवले, मेणात बसवले, काप काढले, रंगवले. कोजागिरीच्या दुपारी पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. नंतर दुसरी. चौथ्या काचेवर, हाडाला चिकटून, गाठीच्या जांभळ्या पेशींचा घोळका होता. दाटीवाटीने बसलेला, चांगला धष्टपुष्ट.

त्याने वही उघडली. बोकडाच्या पानावर शेवटचा रकाना कोरा होता. टाक दौतीत बुडवला, निथळू दिला, ठेवून दिला. सूक्ष्मदर्शकावर कापड टाकून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पडदे लावलेला टांगा दाराशी थांबला. मानसिंगराव पुढे, मागून दुर्गाच्या आधाराने सुलोचनाबाई. मानसिंगराव व्हरांड्यात खुर्चीवर बसले. बायकांच्या मागे दार लोटले गेले. दुर्गा दाराला पाठ लावून खाली बसली.

सुलोचनाबाई स्टुलावर बसल्या. स्वतःच पदर मागे घेतला. चाळिशीच्या बाई. डावा गाल आतून कुणी बोट लावावे तसा वर आला होता. साचा तयार होता. सहा सुया त्यात रोवलेल्या होत्या. मधुसूदनने तो चिमट्याने उचलला आणि परत पेटीत ठेवला.

"बाईसाहेब, आधी एक सांगायचं आहे. हळू सांगतो. तुम्ही ज्या बोकडाच्या भरवशावर इथं आलात..."

"गाठ होती."

मधुसूदनने चिमटा खाली ठेवला.

"हाडाजवळ, खाली," सुलोचनाबाई म्हणाल्या. गालामुळे शब्द जरा जाड येत होते. "न्हाऊ घालताना हाताला लागली. दुर्गाला पण दाखवली. काय गं?"

"मी काय बघितलं नाही बापा," दुर्गा जमिनीकडे पाहत म्हणाली. "आणि बघितलं असेल तरी नाही."

"तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही साफ म्हणून सांगितलंत?"

"आहे म्हणाले असते, तर आज इथं कोण आणणार होतं मला? तुम्ही?"

मधुसूदनची नजर साच्याकडे गेली.

"देवीचं मी बघेन. ती बाईमाणूस आहे. तिलाही न विचारता लोक पुष्कळ काही वाहतात." त्या थोड्या पुढे सरकल्या. "रोज किती वेळ बांधलंत त्याला?"

"चार तास."

"कमी पडलं ना?"

"कमी पडलं. वाढवलं तर कातडी जळेल. भरून येईल, पण दुखेल. डाग राहील."

"मला कोण बघतंय? वाढवा."

त्याने पेटीतून आणखी दोन सुया काढल्या आणि साच्यात रोवल्या. साचा गालावर बसवला. दुर्गाने उठून हनुवटीखालून डोक्यावर फडके घट्ट आवळले. आता तोंड उघडता येणार नव्हते. त्याने घड्याळ पाहून वेळ लिहिली.

"डॉक्टर," दारापलीकडून मानसिंगरावांचा आवाज आला. "झालं का सुरू?"

"झालं."

"तुकोजी म्हणत होता, त्या बोकडाचं तुम्ही काही कापून बघितलंत. काही निघालं?"

दुर्गाने पदर तोंडाशी नेला. सुलोचनाबाईंनी मान न हलवता नजर त्याच्याकडे वळवली. बांधलेल्या तोंडाच्या वर फक्त डोळे होते, आणि ते विनवत नव्हते, पाहत होते.

"काही नाही, रावसाहेब," मधुसूदन म्हणाला. "साफ होता."

"म्हटलंच मी!" व्हरांड्यातली खुर्ची करकरली. तंबाखूचा डबा उघडल्याचा आवाज आला.

मधुसूदनने वही ओढली. बोकडाच्या पानावर, कोऱ्या रकान्यात, त्याने लिहिले: गाठ शिल्लक, हाडालगत. ज्वारीच्या दाण्याएवढी. उपचार अपुरा. लिहून झाल्यावर त्याने वही सुलोचनाबाईंसमोर फिरवून धरली.

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचले. ज्वारीच्या दाण्यावर बोट थांबले. त्यांनी बोट आडवे हलवले, नाही. मग आपल्या करंगळीच्या पेरावर अंगठ्याचे नख टेकवून, न्हाऊ घालताना हाताला लागले होते तेवढे माप त्याच्यापुढे धरले.

मधुसूदनने ते माप पाहिले. मग टाक उचलला आणि ज्वारी खोडली.