एकाच गुन्ह्याचे दोन भाऊ

ताईच्या पाठच्या दोन भावांतल्या थोरल्याला घरात रेडिओ म्हणत. एकदा सुरू झाला की बंद व्हायचं नाव नाही. बारा वर्षांपूर्वी तो आणि धाकटा बारक्या चाकू दाखवून दुकान लुटताना पकडले गेले, तेव्हा कोर्टातही तेच झालं. शिक्षेआधी न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय? थोरल्याने दोघांच्या वतीने असं पाल्हाळ लावलं, की बारक्याला वेगळं विचारायचं राहूनच गेलं. दोघांना वीस-वीस वर्षं झाली.

प्रत्येक आरोपीला वेगळं विचारणं कायद्याने सक्तीचं; ती चूक वरच्या कोर्टाच्या नजरेस यायला इतकी वर्षं गेली. बारक्याची शिक्षा रद्द झाली आणि ती नव्याने सुनावण्यासाठी प्रकरण खालच्या कोर्टात परत आलं. थोरल्याच्या शिक्षेत खोट काढायला जागाच नव्हती.

मधल्या काळात कायदा बदलला होता. अशा पहिल्या गुन्ह्याला आता जास्तीत जास्त दहा वर्षं, पण फक्त इथून पुढे सुनावल्या जाणाऱ्या शिक्षांना. सरकारी वकील म्हणाले, गुन्हा जुना, मग कायदाही जुनाच. ताई जीव मुठीत धरून बसली होती.

न्यायाधीशबाईंनी आज बारक्याला आवर्जून विचारलं. तो उठला. "दादाचं काय?" एवढंच म्हणाला.

"त्यांचं प्रकरण माझ्यासमोर नाही," बाई म्हणाल्या. "रद्द झालेली शिक्षा म्हणजे दिलीच नव्हती. म्हणून आज नवा कायदा लागू. दहा वर्षं. ती भोगून झाली आहेत."

ताईला रडू फुटलं. ज्याच्या बाबतीत कोर्ट चुकलं तो सुटला, आणि ज्याच्या बाबतीत सगळं रीतसर झालं तो अडकला. असला न्याय डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाच्या गळी कसा उतरायचा?

थोरल्याला हे सांगायचं काम तिच्यावरच आलं. बारक्याचे पाय तुरुंगाच्या फाटकाशीच अडले. तो आत आला नाही.

"सुटला ना? बास," काचेपलीकडून थोरला म्हणाला. "माझं तोंड एकदा तरी कुणाच्या कामी आलं."

"आपणही वर अर्ज करू."

"काय लिहिणार त्यात? माझ्याशी नियमाने वागले, म्हणून तक्रार?"

ताईला हसू आलं. तोही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा पडला.

"ताई, मलाही घरी यायचंय गं."

एवढं बोलून तो गप्प झाला. भेटीची उरलेली वेळ दोघं तशीच बसून राहिली.