राहिलेला पंधराचा पाढा

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. माझी काच पिवळी पडली आहे, पट्टा तिसरा आहे आणि दिवसाकाठी मी एक मिनिट मागे पडते. बाकी तब्येत ठणठणीत. तरीही आठ वर्षे मी एका बिस्किटांच्या डब्यात तोंड लपवून पडले होते. मला लाज वाटत होती, आणि ती कशाची ते आज सांगून टाकणार आहे.

मी कारखान्यातून आले ते थेट रोहण्याच्या वासुदेवराव गुरुजींच्या मनगटावर. तेव्हा गावात घड्याळे मोजकीच. गुरुजी रोज सकाळी मला किल्ली देत आणि आठ वाजता कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला की माझा मागे पडलेला काटा पुढे सारून मला भोंग्याशी मिळवत. ही सवय त्यांच्या हाडीमासी खिळली होती. एकदा हातात दुधाचे पातेले असताना भोंगा झाला, आणि गुरुजींचा हात माझ्याकडे वळला. दूध अंगणभर झाले. विमलाबाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, म्हणाल्या, "भोंगा वाजला का यांचा हात आपोआप घड्याळावर जाते. देवाची घंटी वाजली तर नाई जात!" मी तेव्हा खूप हसले. पुढे हीच सवय मला रडवणार होती, हे मला काय माहीत!

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गोटाडीच्या चढणीवर तालुक्याची सायकल शर्यत ठरली. सगळ्यांनी एकदम सुटायचे नव्हते. एकेकाला तीन तीन मिनिटांनी सोडायचे आणि सर्वांत कमी वेळात जो वर पोचेल त्याला जिल्ह्याच्या संघात घ्यायचे, जागा एकच. गुरुजींचा जुना विद्यार्थी प्रेमदास रोज सायकलला दुधाचे कॅन बांधून गावोगाव फिरायचा. त्याने ती जागा मनावर घेतली. "गुरुजी, मले एकदा दुधाच्या कॅनाबिगर सायकल चालवू द्या," तो म्हणाला, "मंग पाहा."

गुरुजींनी पाहिले. प्रेमदास पायथ्यापासून असा सुटला की वाटेतली पुलिया, म्हणजे छोटा पूल, तीन मिनिटांत गाठली. लाल मुरमाच्या वळणावर मात्र त्याची छाती भात्यासारखी चालू लागली आणि तो सायकल हातात धरून चालत वर आला. गुरुजी हसले नाहीत.

"बैल चढतानी पाह्यले ना तू?" ते म्हणाले. "पायथ्याशी उड्या मारनारा बैल मंधातच बसते. पुलियापर्यंत चार मिनिटं. त्याच्या आधी पोचला, तर शेवटच्या दमातून चोरी केली समज. वळनापर्यंत आनखी चार. मंग वरच्या पळसाच्या झाडापर्यंत जे उरलं ते सारं टाकून दे."

"पन मले कसं समजन चार मिनिटं झाले का नाई? माह्याजवळ घड्याळ कुठी हाय?"

गुरुजींनी विचारले, "पाढे येतात ना?"

मित्रांनो, त्या दिवसापासून प्रेमदास पाढे म्हणत चढू लागला. दोनापासून पंधरापर्यंत, मनातल्या मनात, एका लयीत. पंधराचा पाढा संपायचा तेव्हा माझी बरोबर चार मिनिटे झालेली असायची. असे तीन फेरे म्हणजे पूर्ण चढण. सुरुवातीला तो घाईने म्हणायचा, मग गुरुजी मला त्याच्या डोळ्यांपुढे धरून त्याची लय बसवून घ्यायचे. दोन महिने रोज सकाळी आम्ही तिघे त्या चढणीवर होतो. पौषात तर त्याचे पाढे आणि माझा काटा यांत तीळभर फरक उरला नाही. तो पूर्ण बारा मिनिटांत वर येऊ लागला. "तू तर चालतं घड्याळ झाला रे!" गुरुजी म्हणाले. मला जरा हेवा वाटला, पण अभिमानही वाटला. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस.

शर्यत संक्रांतीनंतरच्या रविवारी झाली. पायथ्याशी ग्रामसेवक बबनराव उभे, शिखरावर पळसाखाली गुरुजी. खाली सुटण्याची वेळ लिहायची, वर पोचण्याची, आणि शेवटी वजाबाकी करायची. त्यासाठी सकाळी सातला बबनरावांनी आपले घड्याळ माझ्याशी मिळवून घेतले. मी तेव्हा नेहमीप्रमाणे मिनिटभर मागे होते. त्याने बिघडत काहीच नव्हते, कारण आता दोन्ही घड्याळे सारखीच मागे होती.

साडेसातला पहिला गडी सुटला. आर्वीचा ताराचंद तिसरा होता, तो सव्वाबारा मिनिटांत वर आला. प्रेमदासची चिठ्ठी नवव्या नंबरची निघाली होती. गुरुजी वळणाकडे डोळे लावून बसले होते. तेवढ्यात दुरून भोंगा झाला. हंगामात जिनिंगला कुठला रविवार! आणि गुरुजींच्या बोटांनी, डोळे वळणावरच असताना, माझी किल्ली ओढली, काटा मिनिटभर पुढे सारला आणि किल्ली परत दाबली.

मी ओरडणार कशी? मला टिकटिक तेवढी येते.

प्रेमदास आला तेव्हा त्याचे ओठ हलत होते. पळसापाशी तो सायकलवरून जवळजवळ पडलाच, पण हसत होता. "गुरुजी, पंधराचा पाढा बाकी हाय!" म्हणजे बारा मिनिटेसुद्धा लागली नव्हती. गुरुजींनी त्याला मिठी मारली. मग बबनराव कागद घेऊन वर आले, वजाबाकी झाली. प्रेमदासची वेळ निघाली पावणेतेरा मिनिटे. भोंग्यानंतर आलेल्या प्रत्येकाच्या नावावर माझे एक मिनिट जास्तीचे चढले होते. ताराचंद जिंकला.

प्रेमदासचे हसू गेले. कागदाकडे बघत तो म्हणाला, "घड्याळ खोटं कसं बोलन? मीच घाबरून भरभर पाढे म्हटले असन." मला वाटले, माझी काच आत्ताच्या आत्ता फुटावी.

संध्याकाळी बबनराव गुरुजींकडे चहाला आले आणि सहज म्हणाले, "गुरुजी, तुमचं घड्याळ माह्या घड्याळाच्या मिनिटभर पुढं काऊन? सकाळी तर मिळवलं होतं."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना सकाळचा भोंगा आठवला. त्यांना सगळे समजले, ते मला त्यांच्या मनगटावर समजले. अजून वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरले असते. पण गुरुजी म्हणजे गावाला वेळ सांगणारा माणूस. ते खाली बघून म्हणाले, "बिघडलं वाटते. जुनं झालं."

मित्रांनो, मी बिघडले नव्हते. पण त्या रात्रीपासून मी डब्यात गेले. चूक त्यांच्या बोटांची होती, खोटे त्यांच्या तोंडचे होते, तरी लाज मलाही वाटली, कारण शेवटी प्रेमदासला हरवले ते माझ्याच काट्याने. प्रेमदासने पुन्हा शर्यत म्हणून सायकल चालवली नाही. डब्याबाहेरून त्याचा आवाज यायचा, "दूध घ्या, बाई," आणि तो आला की गुरुजी आत निघून जायचे.

सत्त्याऐंशीला गुरुजी निवृत्त झाले. विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी भेट आणली, ती द्यायला प्रेमदासच घरी आला. एक नवेकोरे घड्याळ. "गुरुजी, तुमचं तं शर्यतीच्या सालीच बिघडलं. तवापासून तुमचं मनगट रिकामं दिसते, म्हनून मीच सगळ्यायले म्हटलं का घड्याळच देऊ."

गुरुजींनी ते हातात घेतले नाही. त्यांनी डबा उघडला, मला किल्ली दिली, आणि मी लगेच चालू लागले. "हे बिघडलं नव्हतं, प्रेमदास," ते म्हणाले. मग भोंगा, किल्ली, काटा, बबनरावांचा चहा, सारे सांगितले. "तू जिंकला होता. मी आठ वर्षं तुह्या हातचं दूध पेलो आन् बोललो नाई. मले लाज वाटते रे."

प्रेमदासने हातातले नवे घड्याळ खाली ठेवले.

"शर्यत गेली ते गेली, गुरुजी," तो म्हणाला. "पन त्या दिवसापासून मी आपल्या मोजन्यावर इस्वासच ठेवला नाई. दुधाचं मापही दोनदा करतो. म्हंजे पंधराचा पाढा बाकी होता, तो खराच बाकी होता?"

"खराच होता."

प्रेमदासने डोळे मिटले. "पंधरा एके पंधरा, पंधरा दुणे तीस..." त्याच जुन्या लयीत, एकही आकडा न ढकलता, तो पंधरा दाहे दीडशेपर्यंत गेला. गुरुजी माझ्याकडे बघून वेळ मोजत होते, पण त्यांना काटा दिसत नसावा, कारण माझ्या काचेवर पाणी पडत होते.

"नवीन तुमी ठेवा," प्रेमदास शेवटी म्हणाला. "हे मले द्या."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरचे घड्याळ मागे पडत असेल तर त्याला फेकू नका, किल्ली द्या आणि मिळवा. आणि तुमच्या हातून चूक झाली तर ती घड्याळावर ढकलू नका, त्याच संध्याकाळी सांगा. चहा निवायच्या आत सांगितली असती, तर आमचा प्रेमदास जिल्ह्याच्या संघात असता.

आता मी त्याच्या मनगटावर असते. सकाळी भोंगा होतो तेव्हा तो मला हात लावत नाही. दूध एकदाच मापतो, आणि चढणीला लागला की पाढे म्हणतो.